नसीबन चाचींची टोपली

आधी नाव सांगते, मग काय झालं ते. नसीबन चाची. लखनऊजवळच्या मलिहाबादच्या अलीकडं आमराईतल्या एका गावात बांगड्या विकणाऱ्या मनिहारीण, आपल्याकडं कासारीण म्हणतो तशा. टाळेबंदीच्या त्या साली चाची नसत्या, तर आज सकाळी माझ्या मुलीनं लाल रिबिनीसाठी माझ्याशी भांडण काढलं नसतं. एवढी एक गोष्ट मी खात्रीनं सांगू शकते. बाकी कशाचीच मला खात्री नसते. नववीतनं शाळा सोडलेली बाई मी, लिहायला बसलं की हात थबकतो. लखनऊत अलीगंजला ज्या काकूंकडं पोळ्या करते त्या म्हणाल्या, "बोलतेस तसंच लिही गं, चुकलं तर चुकलं." म्हणून लिहितेय.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. आणि तेव्हा कोण घाबरलेलं नव्हतं?

आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. तिकडची पोरं मिसरूड फुटायच्या आत सोनं गाळायला देशभर पांगतात. ह्यांनाही तसंच एका नातेवाइकानं लखनऊच्या चौकात, म्हणजे तिथल्या जुन्या सराफ बाजारात, आणलं. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात टाकायचे, चोख सोनं वेगळं काढायचं. तेजाब ओतलं की पिवळा धूर उठतो. तो धूर ह्यांनी सोळाव्या वर्षापासून खाल्लाय. त्यानं बोटं पिवळी झाली, आणि खोकला लागला तो लागलाच. दिवाळीला असतो, होळीला असतो, पाहुणा घरचाच होऊन राहावा तसा. पुढं सगळं ह्या खोकल्यावरच गेलं.

आमची खोली भट्टीच्या वरच होती. माझं पहिलं पोट तिथंच पाचव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दवा बाद में, पहले उस धुएँ से निकलो." तेव्हा ह्यांच्याबरोबर कामाला असलेल्या राजकुमारनं त्याच्या मामांच्या गावी एक खोली बघून दिली. छेदीलाल मामा. घराच्या मागं त्यांची आंब्याची झाडं, आणि झाडांच्या कडेला आमची खोली. हे रोज सकाळी मोटरसायकलनं चौकात जायचे आणि दिवस मावळायला परत यायचे. संक्रांत होऊन गेली होती, आंब्याला मोहोर धरत होता आणि मला चौथा महिना होता. गावात मी कुणालाच ओळखत नव्हते. हिंदी येत होती, पण तिथल्या बायकांची बोली डोक्यावरनं जायची. दिवसभर मी माणसांच्या आवाजाला कान देऊन बसायची आणि कुणी आलं की घाबरून आत जायची.

पहिल्याच आठवड्यात दारात हाक आली, "चुरिया पहिनिहौ, दुलहिन?"

साठीच्या, काटक, कानात चांदीच्या चार-चार बाळ्या, पुढचा एक दात नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीवर जुन्या साडीचा तुकडा. हो-नाही म्हणायच्या आत त्या उंबऱ्याशी बसल्या, माझा हात ओढून घेतला आणि आंबा पिकलाय का बघतात तसं अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं.

"दो-चार," त्या म्हणाल्या. ते माझ्या बांगडीचं माप. "हड्डी नरम है. रोती बहुत हो का?"

मी हसले. लखनऊत आल्यापासून कुणी मला असं विचारलं नव्हतं.

त्यांच्या हिशोबी गावातली प्रत्येक बाई म्हणजे एक मनगट. प्रधानजींची, म्हणजे सरपंचांची, बायको दो-दस, तिची थोरली सून दो-चार, छेदीलाल मामी दो-आठ. नावानं त्या क्वचितच बोलायच्या. "दो-आठ वाली से कह देना, शाम को आएँगे." चेहरे बदलतात म्हणायच्या, रंग उतरतो, दात पडतात, हाड तेवढं तसंच राहतं.

बांगड्या भरून झाल्या आणि मी सवयीनं वाकून त्यांना नमस्कार केला. त्या दचकून मागं सरल्या.

"अरे अरे, तौबा! पाँव काहे छूती हो?"

म्हटलं, आमच्याकडं बांगड्या भरल्या की कासाराला नमस्कार करतात.  चाचींनी टोपलीतनं एक जास्तीची हिरवी बांगडी काढली, ती माझ्या हातात चढवली आणि म्हणाल्या, "सास के जमाने से पहना रहे हैं. लोग हाथ देते हैं, झगड़ा देते हैं. ई पहली बार मिला." मग विचारलं, "कहाँ की हो?"

"महाराष्ट्र."

"बंबई?"

"नाही, सांगली."

"बंबई के पास है?"

सांगली कुठं, मुंबई कुठं. चौकातही हाच प्रश्न, दवाखान्यातही हाच. समजावून समजावून मी कंटाळले होते. म्हटलं, "हाँ चाची, उधर ही."

मुंबई मी अजूनही पाहिलेली नाही. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की छेदीलालच्या घरी बंबईची दुलहिन आलीय, मोठी अदबीची, मनिहारिणीच्या पाया पडते. दुसऱ्या दिवशी चार बायका मला बघायला आल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

चाचींच्या टोपलीत बांगड्या होत्या तेवढ्याच खबरा होत्या. बायका बांगड्यांसाठी हात पुढं करायच्या, पण कान त्याच्याही आधी. चाचींची एक रीत होती. आधी स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचं, मग टोपलीच्या काठावर दोनदा टिचकी, मग सुरुवात. पहिल्यांदा जनावरं, मग झाडं, शेवटी माणसं. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या झाडाला भुंगा लागला, मग कुणाचा दामाद रुसून परत गेला. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाल्या, "आदमी की खबर आखिर में. तब तक सुनने वाले का मन ठहर जाता है."

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, "खबर और चूड़ी नाप की हो. छोटी हुई तो चढ़ेगी नहीं, बड़ी हुई तो हाथ से गिरेगी, किसी और के पाँव में चुभेगी."

बांगडी फुटली असं त्या म्हणायच्या नाहीत. "ठंडी हो गई" म्हणायच्या. आपल्याकडं बांगडी वाढवली म्हणतात, तसंच ते. मी हे सांगितलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की टोपली कलली. "देखो, काँच से सब जगह की औरत डरती है."

आणि मयताची खबर. ती त्या टोपली घेऊन कधीच द्यायच्या नाहीत. ज्या टोपलीत सुहागाची वस्तू, तिच्यासकट कुणाच्या मरणाची गोष्ट घरात न्यायची नाही. टोपली घरी ठेवायची, पदर डोक्यावर घ्यायचा आणि रिकाम्या हातानं निघायचं. त्यामुळं चाची रिकाम्या हातानं येताना दिसल्या की बायका हातातलं काम टाकून दाराशी उभ्या राहायच्या. चाचींनी तोंड उघडायच्या आधीच रडं सुरू व्हायचं.

मग सगळं बंद झालं. ह्यांची भट्टी बंद, शेठ आधीच गावी गेलेले, चौकाचा रस्ता पोलिसांनी अडवलेला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडं वर्तमानपत्र यायचं तेही थांबलं. मोबाईलवर दिवसभर काहीबाही यायचं. खरं कुठलं, खोटं कुठलं, कुणालाच कळत नव्हतं. त्या दिवसांत गावाचं वर्तमानपत्र म्हणजे चाची. बांगड्या कुणी घेत नव्हतं. हात धरायचा नाही म्हटल्यावर बांगडी कशी भरायची? तरी टोपली रोज त्यांच्या डोक्यावर. मी म्हटलं, "चाची, विकत कुणी घेत नाही, मग ओझं कशाला?"

"बिना टोकरी निकलेंगे तो सब समझेंगे कोई मर गया," त्या म्हणाल्या. "आजकल वैसे ही डरे बैठे हैं."

चार हात लांब उभ्या राहून, पदर नाकावर ओढून त्या सांगायच्या. अमक्याची गाय व्याली. झाडांवर फवारणी करायला माणूस मिळेना, कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या. तमक्याचा पोरगा दिल्लीहून चालत निघालाय, काल फोन लागला, पायाला फोड आलेत. मग तो पोचला आणि त्याला शाळेत ठेवलं. शाळेच्या खिडकीतनं त्याच्या आईनं त्याला बघितलं, एवढंच. चाची हे सांगायच्या तेव्हा आवाज वाढवायच्या नाहीत, कमी करायच्या. ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागायचं, आणि लगेच त्याच ओरडायच्या, "दूर से सुनो, दूर से!"

मग मुंबईच्या बातम्या यायला लागल्या. टीव्हीवर मुंबई, मोबाईलवर मुंबई. शेजारच्या गावात मुंबईहून आलेला एकजण आजारी पडला म्हणे. आणि एका दुपारी हे अंगणात तोंड धूत होते, धुता धुता खोकला आला. नेहमीचा, लांबलचक, पोटातनं येणारा. रस्त्यानं दोन पोरं चालली होती, ती जागच्या जागी थांबली.

संध्याकाळी आमच्या बोळाच्या तोंडाशी बांबू आडवा बांधलेला दिसला. फागुनात जी बंबईची दुलहिन होती, ती आता बंबईहून आलेली झाली होती. खबर तीच होती, दिवस तेवढे बदलले होते. गावातल्या हापशाला हात लावायचा नाही, असं कुणीतरी लांबनंच ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी छेदीलाल मामा बांबूच्या पलीकडं येऊन उभे राहिले. माझ्याकडं बघत नव्हते, झाडाकडं बघत होते.

"बहू, बुरा न मानना. गाँव का मामला है. दो दिन में कहीं और देख लो."

कुठं बघायचं होतं? चौकात जाता येत नव्हतं, आणि गेलो तरी भट्टीवरची तीच खोली. सांगली म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, आणि रेल्वे बंद. मला सातवा लागला होता. हे पहाटे आमराईतल्या बोअरवरनं दोन बादल्या पाणी आणायचे आणि दिवसभर खोकला आला की टॉवेल तोंडात कोंबायचे. त्या टॉवेलातनं येणारा आवाज मला अजून ऐकू येतो. मी पोटावर हात ठेवून बसायची. बाळ हललं की भीती, नाही हललं की जास्त भीती.

तिसऱ्या प्रहरी चाची आल्या. बांबूच्या पलीकडं टोपली उतरवली, जमिनीवर बसल्या. रमजान लागला होता, ओठ सुकलेले होते. आल्या तशा विचारलं,

"दुलहिन, सच-सच बताओ. बंबई से कब आए तुम लोग?"

मला रडू फुटलं. रडत रडतच सांगितलं, की मुंबई मी बघितलेलीच नाही. आम्ही सहा वर्षं चौकातच होतो. ह्यांचा खोकला तेजाबाचा आहे, पहिलं पोट ह्याच धुरानं गेलं, म्हणून इथं आलो.

चाची ऐकत राहिल्या. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या, एकेक घर मोजतात तसं. मोजता मोजता थांबल्या.

"ई खबर तो हमसे निकली है," त्या हळूच म्हणाल्या. "हमने ही पहनाई. बड़ी नाप की."

"चाची, मैंने भी तो हाँ कहा था."

"तुमने थक के कहा था," त्या म्हणाल्या. "हमने शौक से कहा."

उठल्या, टोपली उचलली आणि घरी गेल्या. मला वाटलं, झालं. आता ह्याही गेल्या.

थोड्या वेळानं त्या परत रस्त्यावर दिसल्या. डोक्यावर टोपली नव्हती. पदर घेतलेला, हात रिकामे.

समोरच्या घरातली बाई धावत बाहेर आली. "हाय राम, कौन गया?"

"कोई नहीं गया," चाची म्हणाल्या. "एक बात दे गए थे फागुन में, वापस लेने आए हैं."

त्या बाईला कळेचना. मलाही कळलं नाही. खबर सांगायला जाणारी माणसं पुष्कळ बघितलीत. सांगितलेली खबर दारोदार परत मागणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

पुढची काही घरं मी दारातनं बघितली, बाकीचं मामींनी नंतर सांगितलं. चाचींनी फागुनात ज्या ज्या घरात 'बंबईची दुलहिन' सांगितली होती ती सगळी घरं त्यांना पाठ होती. एकेक घर त्यांनी घेतलं. उंबऱ्यापासून लांब बसायचं आणि तेच सांगायचं. मी बंबई म्हटलं होतं, ते खोटं होतं. पोरगी बंबईची नाही. आदमी चौकात सोनं गाळतो. बोटं बघा त्याची, हळदीसारखी पिवळी आहेत, ती आजारानं नाहीत, तेजाबानं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या इथं ह्या रोगाचं नावही नव्हतं, आणि तो तेव्हाही खोकत होता.

एके ठिकाणी एका म्हातारीनं सुनावलं, "कल बंबई, आज चौक. कल कुछ और कहोगी. अब तुम्हारी कौन मानेगा?"

"मत मानना," चाची म्हणाल्या. "आज के बाद हमारी एक न मानना. बस ई एक मान लो."

 गावात सगळ्यांना माहीत होतं, चाचींच्या हातात दोनच गोष्टी होत्या. काच विकली जात नव्हती, आणि दुसरी गोष्ट, लोकांचा विश्वास, त्या स्वतःच्या हातानं टाकून देत होत्या.

काही दारं उघडलीच नाहीत. त्या दिवसांत चाचींसारख्या मुसलमान फेरीवाल्यांबद्दलही मोबाईलवर काय काय फिरत होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या हातनं चुडा भरला, त्यांच्यातही कुणीकुणी कडी लावली. चाची बंद दारासमोर बसल्या आणि दाराला सगळं सांगून उठल्या. मामी म्हणाल्या, "किवाड़ से बोल रही थीं, जैसे किवाड़ के कान हों." असणारच. आत माणसं होतीच की.

दोन दिवस लागले. उन्हाचे दिवस, रोजा, पाण्याचा थेंब नाही. सगळ्यात शेवटी प्रधानजींकडं गेल्या. प्रधानजी ओट्यावर बसले होते. म्हणाले, "जाने दो चाची, कह दिया तो कह दिया. कौन याद रखता है?"

"याद नहीं रखते तो बाँस किसने बँधवाया?"

 प्रधानजींनी दवाखान्यात फोन लावला. दुसऱ्या दिवशी दोघंजण पांढऱ्या कपड्यांत नखशिखांत झाकून आले. ह्यांचा ताप बघितला, छाती ऐकली, बोटं उलटसुलट करून बघितली. त्यातला एक म्हणाला, "ये पुरानी खाँसी है. काम बदलो भैया." काम बदला. जणू आम्हाला ते सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी मामा आले आणि स्वतः बांबूच्या गाठी सोडायला लागले. मी दारात उभी होते. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मामा म्हणाले, "ई तो बकरियों के लिए बाँधा था." मामी मागनं ओरडल्या, "हाँ हाँ, बकरी बहुत खाँसती थी!" त्या दिवशी हे टॉवेल न घेता हसले, हसता हसता खोकले, आणि कुणी पळालं नाही.

सगळ्यांना पटलं असं नाही. हापशावर माझी पाळी आली की दोन-तीन बायका आपल्या बादल्या लांब ओढायच्या. पण खोली राहिली. मामा म्हणाले, "बच्चा हो जाए, तब देखेंगे."

त्याच्या पुढच्या शुक्रवारी चाची आल्या, भर सकाळी, गावाच्या मधल्या रस्त्यानं, डोक्यावर टोपली घेऊन. सगळ्यांना दिसावं म्हणूनच त्या रस्त्यानं आल्या, हे मला मागाहून कळलं. मी बोलता बोलता कधीतरी सांगितलं होतं, की आमच्याकडं सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरतात, ओटी भरतात, आई असते, सासू असते, चार बायका गाणी म्हणतात. ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. फिरोजाबादहून आणलेल्या जुन्या मालातला हिरव्या बांगड्यांचा एक डबा त्यांच्याकडं उरला होता.

त्यांनी मोजून बांगड्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि लांब जाऊन बसल्या. हात धरायची बंदी.

"अब खुद पहनो. हम बताते हैं."

आयुष्यात मी स्वतः कधी काचेच्या बांगड्या भरल्या नव्हत्या. चाची लांबनं सांगायच्या, साबण लाव, अंगठा आत घे, करंगळी खाली, जोर नको, फिरव. बोलताना त्यांचे स्वतःचेच हात हवेत फिरत होते, माझा हात त्यांच्या हातात असल्यासारखे. तिसऱ्या बांगडीला मी घाई केली आणि काच कडकन गेली.  असल्या वेळी बांगडी जाणं अशुभ.

"ठंडी हो गई," चाची लगेच म्हणाल्या. "जो आफत थी, ले गई साथ. चलो, अगली."

सगळ्या भरून झाल्यावर मी उंबऱ्यावरनंच वाकून नमस्कार केला. ह्या वेळी त्या मागं सरल्या नाहीत. दोन्ही हात वर करून बसून राहिल्या. मामींनी आतनं गूळ आणून लांबनं दिला. एवढंच माझं डोहाळजेवण.

आंब्याचा हंगाम सरत आला तेव्हा माझे दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या, अँब्युलन्सचा फोन लागेना. प्रधानजींची आंब्याची गाडी मंडईला निघाली होती, तीच वळवली. निम्म्या पेट्या उतरवल्या, निम्म्या तशाच. पेट्यांच्या मधल्या जागेत मी आडवी, डोक्याशी मामी, पायाशी चाची. चाचींनी त्या दिवशी हात धरायची बंदी पाळली नाही. माझं मनगट घट्ट धरून वाटभर त्या खबरा सांगत होत्या. कुणाच्या गायीचं काय, कुठल्या झाडाला किती आलंय. आधी जनावरं, मग झाडं. माणसांपर्यंत पोचायच्या आत दवाखाना आला. दुपारच्या आत मुलगी झाली. तिच्या मनगटात त्यांनी काळा दोरा बांधला आणि बोटानं मोजून म्हणाल्या, "इसकी नाप अभी दुनिया में बनी नहीं."

दिवाळीनंतर आम्ही ते गाव सोडलं. ह्यांनी शेवटी भट्टी सोडली. आता एका सोसायटीत रखवालीला आहेत. खोकला कमी आहे, गेलेला नाही. निरोप घेताना चाचींना म्हटलं, "तुम्हारी खबर अब भी सब सुनते हैं ना?" त्या हसल्या. "सुनते हैं. फिर मोबाइल में देख लेते हैं कि सच है कि नहीं." तक्रार नव्हती त्यात. पण टोपलीच्या काठावरची ती टिचकी त्या दिवशी मला ऐकू आली नाही.

इथून ते गाव काही फार लांब नाही. तरी माझं जाणं झालं ते एकदाच, दोन हिवाळ्यांपूर्वी, राजकुमारच्या बहिणीच्या लग्नाला. चाची घराबाहेर उन्हात बाजेवर बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, गुडघे गेलेले. टोपली दाराआड उपडी पडलेली, तिच्यावर कोंबडी बसलेली. रस्त्यानं बायका जात होत्या, सलाम करत होत्या, पण कुणी थांबत नव्हतं. मी पुढं गेले, नाव सांगितलं नाही. त्यांनी मान वर केली, ओळखलं नाही. म्हणून मी नुसता हात पुढं केला.

त्यांनी तो हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबला. एकदा, मग परत एकदा.

"दो-चार," त्या म्हणाल्या. मग सगळा चेहरा हसला. "अरे, बंबई वाली!" आणि लगेच दुसऱ्या हातानं स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली. "ना ना. झूठ. झूठ कहा. सांगली वाली."

सांगली. गावाचं नाव त्यांनी बरोबर घेतलं. मुलगी मागं उभी होती, तिला पुढं केलं. तिचंही मनगट दाबून बघितलं, पण माप सांगितलं नाही. म्हणाल्या, "टोकरी उठे तब पहनाएँगे." लग्नाची गाडी हॉर्न वाजवत होती, मला निघावं लागलं. वळून बघितलं तर त्या हात तसाच पुढं धरून बसल्या होत्या.

चाची, हे तुम्हाला वाचता येणार नाही, पण मी येऊन वाचून दाखवीन. तुमची टोपली तुम्हाला आता उचलत नाही, ती मी उचलणार. माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवून, मुलीला बोटाला धरून, ज्या ज्या घरांत तुम्ही माझ्यासाठी गेलात त्या सगळ्या घरांत जाणार. बंद दारांसमोरही बसणार. तुम्ही पुढं चाला, सावकाश, रिकाम्या हातानं. टोपली तुमच्या मागनं येतेय हे दिसेल, म्हणजे कुणी घाबरणार नाही.